कपबशी, बाबासाहेब आणि क्विअर कला

कपबशी ही आपल्या समाजासाठी साधी वस्तू कधीच नव्हती. चहाच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप वेगळा असे आणि तो ज्याचा त्यानेच विसळून ठेवायचा असे. मिठबावसारख्या गावात आजही कुणाला आत बोलावून कपातून चहा देतात आणि कुणाला पडवीतच कागदी ग्लास, हे आम्ही न बोलता टिपतो. म्हणून चिनी मातीच्या रोजच्या वस्तूंमधून क्विअर कलावंत, म्हणजे समलिंगी, पारलिंगी किंवा स्त्री-पुरुषाच्या ठरीव चौकटीत न बसणारी माणसे, काय सांगतात ते समजणे आपल्याला अवघड जाऊ नये.

ब्रिटनचे ग्रेसन पेरी शोभेच्या फुलदाण्या घडवतात. लांबून त्या कुणाच्याही दिवाणखान्यातल्या वाटतात. जवळ गेल्यावर बायकी कपड्यातला पुरुष आणि घरातली हिंसा दिसते. पेरी समलिंगी नाहीत, त्यांना पत्नी-मुलगी आहे. पण 2003 चा टर्नर पुरस्कार त्यांनी फ्रॉक घालून स्वीकारला.

आपल्याकडचे नाव भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, 1934 चा, पेशाने हिशेबनीस. शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी साधी माणसे त्यांनी रंगवली आणि 1980 च्या दशकात स्वतःचे समलिंगी असणे चित्रांतून उघडपणे मांडले. उत्तरायुष्यात ते चिनी मातीकडेही वळले. या माध्यमाची गंमत अशी की रंगावर झिलई चढवून भांडे हजार अंशांच्या वर भाजले की रंग काचेखाली कायमचा बसतो. घासून जात नाही. शिवाय चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवता येते. ताटलीला मात्र जेवणाऱ्यांत जागा लागते.

ज्या वर्षी खख्खर जन्मले, त्याच 1934 साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही, कर्वेंनी उत्तरे दिली म्हणून. कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, कर्वेंना दंड झाला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा निकालपत्रात आधार होता तो बाबासाहेबांच्या घटनात्मक नैतिकतेचा.

आणि आपण? आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात. त्यात न बसणारा तरुण विहारात सतरंज्या घालतो, भोजनदानात वाढतो, आणि लग्नाचा विषय निघाला की भांडी विसळायला मागे जातो.