शंकाकुल मन आणि श्रद्धा

रत्नागिरीतील मुलांस एक थट्टा लहानपणापासून परिचयाची असते. कोणी थोडासा विचित्र वागला की सोबती म्हणतात, "ह्याला आपल्या इस्पितळात नेऊन ठेवा." ज्या इस्पितळाचा हा उल्लेख, ते येथील प्रादेशिक मनोरुग्णालय इ. स. १८८६ पासून उभे आहे. इतक्या वर्षांत कोकणातील किती दुःखी जीव त्या दारातून आत गेले व बरे होऊन बाहेर पडले, ह्याचा विचार थट्टा करणाराच्या मनास शिवत नाही. आमच्याही मनास तो शिवला नव्हता. पुढे आमच्याच वर्गातील एका मुलास त्या दाराशी नेण्याची वेळ आली, तेव्हा ती थट्टा किती जड असते हे आम्हांस कळले. त्या मुलाचे दुखणे कोणते होते, आणि आपली कॅथलिक श्रद्धा व मानसशास्त्र ह्यांनी मिळून त्यास कसा हात दिला, हे विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे असे फार दिवस मनात होते.

मुलगा दहावीत होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अभ्यासात हुशार, अक्षर सुरेख, रविवारची मिस्सा कधी न चुकविणारा. हळूहळू त्याच्या उत्तरपत्रिका अपुऱ्या राहू लागल्या. एक वाक्य लिहावे, खोडावे, पुन्हा तेच लिहावे, ह्यात त्याचा वेळ जाई. घरी रोझरी म्हणताना 'नमो मारिया'तील एखादा शब्द नीट उच्चारला गेला नाही असे वाटले, की तो पहिल्या मण्यापासून पुन्हा आरंभ करी. हात धुवून धुवून त्यांची सालपटे निघाली होती. शनिवारी पापनिवेदन, म्हणजे घरी आपण ज्यास कुमसार म्हणतो ते, करून आला तरी एक पाप सांगावयाचे राहिले अशी टोचणी त्यास लागे, आणि रविवारी मिस्सेआधी तो पुन्हा धर्मगुरूंच्या दाराशी उभा राही.

आणि आम्ही काय केले? साऱ्या वर्गासमोर त्याच्या धर्मशीलतेचे कौतुक केले. 'ह्याचा कित्ता गिरवा' असे इतर मुलांस सांगितले. आजही ते आठवले म्हणजे आमची आम्हांस लाज वाटते.

शेजारणीने बाहेरची बाधा ठरवून नारळ उतरून टाकावयास सांगितले. एका नातलगाने नोव्हेना सुचविली. कोणी म्हणाले, परीक्षा जवळ आली की अशी सोंगे सुचतात. खरी खूण पटली ती धर्मगुरूंस. त्यांनी आईस बोलावून सांगितले, "हे पाप नव्हे, हे दुखणे आहे. ह्याला मी एकटा पुरणार नाही. डॉक्टरांकडे न्या." ती माउली रडत आमच्याकडे आली. "सर, तिथं नेलं तर लोक काय म्हणतील? उद्या ह्याच्या बहिणीचं लग्न कसं जमायचं?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही इतकेच म्हणालो की, आम्ही तुमच्याबरोबर येतो.

डॉक्टर ज्यास ओ. सी. डी. म्हणतात, त्या ह्या विकारास मराठीत मंत्रचळ हा जुना आणि फार नेमका शब्द आहे. मनात एक नकोशी शंका उठते: हात मळले असतील, प्रार्थना चुकली असेल, पाप लपविले गेले असेल. शंकेबरोबर भीती येते. ती भीती शमविण्यासाठी माणूस एखादी कृती करतो, म्हणजे हात धुतो, प्रार्थना पुन्हा म्हणतो, पाप पुन्हा सांगतो. क्षणभर बरे वाटते. पण नेमका हाच क्षणभराचा आराम घातक होय. खरूज खाजविली की तेवढ्यापुरते सुख होते आणि मागून आग वाढते, तसेच हे आहे. कृती केली म्हणून संकट टळले असा धडा मन शिकते, आणि पुढच्या वेळी शंका दुप्पट जोराने येते. रोगी मूर्ख नसतो. आपण करतो ते व्यर्थ आहे, हे पुष्कळदा त्यास आपल्याहून अधिक ठाऊक असते.

शंकेचा विषय पाप आणि प्रायश्चित्त हा असला, म्हणजे घरच्या मंडळींस तो रोग वाटतच नाही, भक्ती वाटते. ख्रिस्तमंडळास मात्र हे दुखणे नवे नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, आणि पुढल्या वर्षी मान्रेसा गावी ते प्रार्थनेत व उपासात दिवस काढू लागले. तेथे त्यांस पापाच्या शंकांनी असे घेरले की सविस्तर निवेदन करूनही शांती मिळेना, आणि जीव नकोसा होण्यापर्यंत मजल गेली. 'मागील पापांपैकी अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग', अशी आज्ञा त्यांच्या धर्मगुरूंनी दिली. पण इग्नेशियसांस सारेच स्पष्ट दिसे! मंत्रचळ झालेल्या मुलाच्या आईस हे वाचून हसू आणि रडू एकदमच येईल. अखेर, मागची पापे पुन्हा म्हणून सांगावयाची नाहीत असा त्यांनी निश्चय केला आणि ते मोकळे झाले. १५४८ साली पोपमहाशयांची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात ह्या शंकांविषयी स्वतंत्र टिपणे आहेत. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी हेही ह्याच व्याधीने गांजलेले होते. एका धर्मगुरूची आज्ञा पाळावी आणि शंकेला न जुमानता पुढे चालावे, हाच उपाय ते शिकवीत.

ह्यापुढील गोष्ट मोठी नवलाची आहे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा दोन रोग्यांवर केलेल्या उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग्यास ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यासमोर त्यास उभे करावयाचे, आणि ती शमविणारी कृती मात्र करू द्यावयाची नाही. भीती वाढते, काही वेळ ठाण मांडून बसते, आणि मग आपोआप उतरते. मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून भरतीची ओहोटी होताना पाहावी तशी. ती ओहोटी कोणी हाताने लोटीत नाही. आज ह्या विकारावर जगभर जे मानसोपचार केले जातात त्यांत ही पद्धत अग्रभागी आहे. जोडीला मेंदूतील सेरोटोनिन ह्या द्रव्यावर परिणाम करणारी औषधेही देतात. जुने धर्मगुरू अनुभवाने ज्या वाटेस लागले होते, तीच वाट प्रयोगाने सिद्ध झाली.

मग श्रद्धा आणि मानसशास्त्र ह्यांचे भांडण कसले? भांडण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. फ्रॉइड ह्यांनी १९०७ साली एका निबंधात मंत्रचळी कृती आणि धार्मिक आचार ह्यांतील साम्य दाखविले, आणि पुढे धर्मास भ्रम ठरविले. साम्य आहे खरे. पण आमच्या मते भेद अधिक महत्त्वाचा. प्रार्थना संपली की भक्त उठून कामास लागतो. मंत्रचळ्याची प्रार्थना संपतच नाही. त्या मुलाची रोझरी ऐकणाऱ्या कोणासही हा भेद पहिल्या दहा मिनिटांत उमगला असता. आम्हांस उमगला नाही, कारण आम्ही केवळ मणी मोजीत होतो. ख्रिस्तमंडळानेही पुढे आपली भूमिका स्पष्ट केली. पोप बारावे पायस ह्यांनी १९५३ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे भाषण करून नैतिक मर्यादा सांगितल्या व त्यांच्या कार्याचा आदरही केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ साली, धर्मसेवेत मानसशास्त्राच्या शोधांचा उपयोग करून घ्यावा, असे लेखी सांगितले.

महाराष्ट्रात ह्याचे फळ दिसले ते पुण्यास. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघी फादर अँथनी डिमेलो अमेरिकेत शिकागो येथे समुपदेशनाचे शिक्षण घेऊन आले, आणि धर्मगुरू व धर्मभगिनी ह्यांस ते शास्त्र शिकविण्यासाठी त्यांनी पुण्यात 'साधना' ही संस्था काढली. १९७८ साली ती लोणावळ्यास गेली. आपल्या मातीतले नाव त्यांनी निवडले ह्याचे आम्हांस कौतुक वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ साली, त्यांच्या लिखाणातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असा इशारा रोमहून देण्यात आला. तेव्हा हा मेळ घालणे सोपे आहे असे कोणी समजू नये.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मेळ बसला तो अगदी साध्या रीतीने. मुलाची व आईची संमती घेऊन डॉक्टर आणि धर्मगुरू एकमेकांशी बोलले. पापनिवेदनात काय सांगितले गेले ते धर्मगुरू कोणासही सांगू शकत नाहीत, आणि डॉक्टरांनीही ते विचारले नाही. ठरले ते एवढेच: निवेदन महिन्यातून एकदा, तेच पाप पुन्हा नाही, रोझरीत शब्द चुकला तरी मागे फिरावयाचे नाही. 'फादर, हे पाप झाले का?' असे तो वाटेत गाठून विचारी, तेव्हा धर्मगुरू पूर्वी धीर देत. तेही बंद झाले, कारण वारंवार दिलेला धीर हाही खाजविण्याचाच प्रकार! पहिले काही आठवडे फार कठीण गेले. आई म्हणे, ह्याची तगमग पाहवत नाही. औषधेही चालू होती. दहावीची परीक्षा त्याने एक वर्ष उशिरा दिली. अजून मधूनमधून शंका डोके वर काढते, पण आता तो तिला नावाने ओळखतो. बहिणीचे लग्न गेल्या मे महिन्यात झाले.

पालक आम्हांस विचारतात, औषध घेणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडणे नव्हे काय? हिवतापास गोळी देताना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. इस्पितळात गेलेला परत येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. पुष्कळ रोगी बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन त्याच दिवशी घरी जातात. मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क झाला आहे. ज्यांस दारापर्यंत जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६; पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उत्तर मिळते आणि मराठीत बोलता येते. शिक्षकांच्या खोलीत वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक लावलेला आहे. मुलांनी तो पाहण्यासाठी आत यावे. कोणी कारण विचारणार नाही.