लघुउद्योगांचा वित्तपुरवठा, नागरी

शहरांतील व शहरांलगतच्या औद्योगिक क्षेत्रांतील लहान कारखाने, यंत्रशाळा व दुरुस्ती-व्यवसाय यांना जागा, यंत्रसामग्री आणि दैनंदिन उत्पादनखर्च यांसाठी लागणारे भांडवल पुरविणारी व्यवस्था. तीत बँका व वित्तीय महामंडळे यांच्याबरोबरच सहकारी संस्था, कारखानदारांच्या संघटना, कच्च्या मालाचे व्यापारी आणि खुद्द ग्राहक-कंपन्या यांचाही अंतर्भाव होतो. कोल्हापूरनजीकच्या शिरोली औद्योगिक क्षेत्राच्या उदाहरणावरून या व्यवस्थेचे स्वरूप व तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. लहान कारखानदाराची अडचण केवळ यंत्र विकत घेण्यापुरती नसते. माल रवाना केल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचा काळ निभावून कसा न्यावयाचा, हा त्याच्यापुढील नित्याचा प्रश्न असतो.

पार्श्वभूमी : कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसविण्यात आली आणि १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. ऊस व गूळ यांच्या वाढत्या उत्पादनाबरोबर चरक, पंप व तेल-एंजिने यांची दुरुस्ती करणारे कारागीर शहरात स्थिरावले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) यंत्रे व सुटे भाग यांची आयात आटल्यामुळे हेच कारागीर सुटे भाग आणि पुढे एंजिनेही तयार करू लागले. शिवाजी उद्यमनगर हे या कारागिरीचे केंद्र बनले. त्यासाठी लागणारे भांडवल मुख्यत्वे घरचे, नात्यागोत्यातले किंवा व्यापाऱ्यांच्या उधारीचे असे. स्थानिक बँकव्यवसायही याच सुमारास वाढत होता. आज आरबीएल या नावाने ओळखली जाणारी रत्नाकर बँक १९४३ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व दीर्घकाळ कोल्हापूर-सांगली परिसरातच प्रामुख्याने कार्यरत होती.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) अस्तित्वात आले. त्यानंतर कोल्हापूरच्या उद्योगांचा विस्तार शहराबाहेर शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक क्षेत्रांत झाला. यांपैकी शिरोली हे क्षेत्र पंचगंगेच्या पलीकडे, हातकणंगले तालुक्यात, पुणे-बंगळूरू महामार्गालगत आहे. ओतीव लोखंडाचे भाग तयार करणाऱ्या ओतशाळा (फाउंड्री) आणि त्या भागांवर यंत्रकाम करणाऱ्या यंत्रशाळा हे त्याचे वैशिष्ट्य. येथील माल प्रामुख्याने मोटारी, ट्रॅक्टर, पंप व एंजिने बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे जातो.

खेळत्या भांडवलाचे चक्र : ओतशाळेत कच्चे लोखंड, भंगार, वाळू व वीज यांवरील खर्च आधी होतो. त्यानंतर साचे करणे, धातू वितळविणे, ओतणे, ओतीव भाग साफ करणे व त्यांवर यंत्रकाम करणे अशा टप्प्यांतून माल तयार होतो. भंगार-व्यापारी व कामगार यांचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. विजेचे देयक तर थांबतच नाही. ग्राहक-कंपनी मात्र माल स्वीकारल्यावर दोन ते तीन महिन्यांनी आणि पुष्कळदा त्याहूनही उशिरा रक्कम अदा करते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची आकारणी सामान्यतः बीजकावर होत असल्याने, वसुली होण्यापूर्वीच कराचा भरणा करण्याची जबाबदारीही पुरवठादारावर येते.

रिझर्व्ह बँकेने पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली १९९१ मध्ये नेमलेल्या समितीने लघुउद्योगांसाठी एक सुलभ निकष सुचविला. खेळत्या भांडवलाची गरज वार्षिक विक्रीच्या २५ टक्के धरावी, तीपैकी विक्रीच्या २० टक्के रक्कम बँकेने द्यावी व ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालावी, असा तो निकष होय. समजा, एका ओतशाळेची मासिक विक्री १० लाख रु. म्हणजे वार्षिक विक्री १ कोटी २० लाख रु. आहे. या निकषानुसार तिची गरज ३० लाख रु. ठरते, त्यांपैकी २४ लाख रु. बँकेकडून व ६ लाख रु. मालकाकडून यावयाचे. ही ३० लाखांची रक्कम बरोबर तीन महिन्यांच्या विक्रीइतकी आहे. कच्चा माल व प्रक्रिया यांत एक महिना आणि वसुलीत तीन महिने गेल्यास चक्र चार महिन्यांचे होते व विक्रीच्या किंमतीने मोजल्यास सु. ४० लाख रु. अडकून पडतात. उरलेले १० लाख रु. उधारीने, दागिने तारण ठेवून किंवा खाजगी कर्जाने उभे करावे लागतात. खाजगी व्याज दरमहा शेकडा दोन धरल्यास महिन्याला २०,००० रु. म्हणजे विक्रीच्या २ टक्के रक्कम एवढ्यापायी खर्च होते. सुट्या भागांच्या पुरवठ्यात नफ्याचे प्रमाण आधीच मर्यादित असल्याने हा भार हलका म्हणता येत नाही. शिवाय ओतशाळेला उशीर झाला, की तिच्यासाठी मजुरीने काम करणाऱ्या साचेकाराचे व यंत्रशाळेचे पैसेही लांबतात; साखळीत जो सर्वांत लहान, त्याला सर्वांत शेवटी पैसे मिळतात.

संस्थात्मक वित्त : राज्य वित्तीय महामंडळे अधिनियम, १९५१ अन्वये स्थापन झालेल्या महामंडळांनी यंत्रसामग्री व इमारती यांसाठी मुदतकर्जे दिली. १९६९ मधील १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर लघुउद्योगांना अग्रक्रम क्षेत्रात स्थान मिळाले आणि त्याच वर्षी अग्रणी बँक योजना सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक ‘बँक ऑफ इंडिया’ ही आहे. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आणि २ एप्रिल १९९० पासून भारतीय लघुउद्योग विकास बँक (सिडबी) यांची त्यांत भर पडली.

या व्यवस्थेचा मुख्य अडसर तारणाचा होता. महामंडळाचा भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो व महामंडळाच्या संमतीने तो बँकेकडे गहाण ठेवता येतो. परंतु दुसऱ्याच्या गाळ्यात एक-दोन लेथ मांडून मजुरीची कामे करणाऱ्या कारागिराजवळ असे तारण नसते. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये सूक्ष्म व लघुउद्योगांना १० लाख रुपयांपर्यंतची कर्जे विनातारण देण्याचे निर्देश दिले. त्यापूर्वी, २००० मध्ये, केंद्र शासन व सिडबी यांनी पतहमी निधी न्यास स्थापन केला होता. कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा ठराविक हिस्सा हा न्यास भरून देतो. ही हमी बँकेस असते. तीमुळे कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी संपत नाही, ही गोष्ट अनेकदा लक्षात घेतली जात नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेने अतिलहान व्यवसायांसाठी विनातारण कर्जाची आणखी एक वाट उपलब्ध करून दिली.

स्थानिक साहाय्य : ताळेबंदातून न कळणाऱ्या अनेक गोष्टी स्थानिक बँकेला व संघटनेला माहीत असतात. कारखानदाराचा हात किती कुशल आहे, त्याचा माल परत येतो की नाही, मागची उसनवारी त्याने कशी फेडली, ही माहिती नागरी सहकारी बँकांच्या पतपुरवठ्याचा पाया होय. मात्र जवळिकीमुळे शिथिलता येण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे सर्व ऋणको एकाच परिसरातील व एकाच धंद्यातील असल्यास संकटही सर्वांवर एकाच वेळी येते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली. ज्या कारखान्यांत पाणी शिरले नव्हते त्यांचीही आवक-जावक थांबली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. २०२० मधील टाळेबंदीनंतर केंद्र शासनाने संपूर्ण हमीवर आधारित अतिरिक्त आणीबाणी कर्ज योजना आणली, तिचे कारणही असेच सार्वत्रिक संकट हे होते.

शिरोलीतील कारखानदारांची संघटना ‘शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’ (स्मॅक) या नावाने ओळखली जाते. अशा संघटनांचा उपयोग शासन, वीज कंपनी व बँका यांच्यापुढे सामुदायिक म्हणणे मांडणे, योजनांची माहिती देणे आणि सामाईक सुविधा उभारणे यांसाठी होतो. कोल्हापूर फाउंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टर या उपक्रमाद्वारे वापरलेल्या वाळूचे पुनःप्रापण करण्याची सामाईक सोय करण्यात आली. जे यंत्र प्रत्येकाने विकत घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून वापरले, तर प्रत्येकाची भांडवलाची गरज कमी होते. या अर्थी सामाईक सुविधा हाही वित्तसाहाय्याचाच एक प्रकार ठरतो.

विलंबित देयके : या प्रश्नावर १९९३ मध्ये प्रथम स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याने घेतली. त्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादारास लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम दिली पाहिजे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी सुविधा परिषदा असून परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदारास निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कायदा असा कडक असूनही त्याचा आधार घेणे सोपे नाही. ज्याची निम्म्याहून अधिक विक्री एकाच कंपनीस होते, तो त्या कंपनीविरुद्ध तक्रार करण्यास धजावत नाही. कारण व्याज मिळेल, पण पुढची मागणी जाईल. म्हणूनच तक्रारीवाचून चालणारे उपाय अधिक महत्त्वाचे ठरतात. २०२३ च्या वित्त अधिनियमाने मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदारास प्राप्तिकरात प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत मिळू नये, अशी तरतूद केली. दुसरा उपाय विपत्रे वटविण्याचा होय. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुरू झालेल्या ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत खरेदीदाराने मान्य केलेले बीजक बँका बोली लावून वटवितात. व्याजदर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो आणि त्याने रक्कम बुडविल्यास पुरवठादाराकडे वसुली लागत नाही. मात्र खरेदीदाराने बीजकास मान्यता दिल्याखेरीज हे चक्र सुरूच होत नाही. मोठ्या कंपन्यांना नोंदणीची सक्ती आहे. प्रत्येक बीजक तेथे मांडण्याची नाही.

इतर देशांतील अनुभव : ब्रिटनमध्ये मॅकमिलन समितीने १९३१ मध्येच लहान व मध्यम उद्योगांच्या भांडवलातील उणीव दाखवून दिली; ती ‘मॅकमिलन दरी’ म्हणून ओळखली जाते. जपानमध्ये टोकिओ येथे १९३७ मध्ये पतहमी संस्था स्थापन झाली. इटलीत लहान उद्योजक परस्पर-हमीच्या संस्था स्थापून एकमेकांच्या कर्जांस हमी देतात. सभासदांची पारख सभासदांनीच करावयाची असल्याने तेथे स्थानिक माहितीला बँकेच्या दृष्टीने मोल येते. कोल्हापुरात ही माहिती भरपूर आहे व सहकाराची परंपराही जुनी आहे. माहितीचे हमीत रूपांतर करणारी व्यवस्था उभी करणे हे तेथील संघटनांपुढील महत्त्वाचे कार्य होय. कर्जाची रक्कम वाढविल्याने दरी काही काळ झाकली जाते. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळू लागले, तर मुळात कर्जाचीच गरज घटते.