पाळकसाहेबांची सुट्टी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पीटर स्कझेरो यांनी 1987 साली न्यू लाइफ फेलोशिप हे चर्च सुरू केलं. स्थलांतरितांची वस्ती, नाना देशांची माणसं, वाढती मंडळी. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान चाललेलं दिसत होतं. जानेवारी 1996 मध्ये त्यांच्या पत्नी जेरी यांनी त्यांना सांगून टाकलं, की मी तुमचं चर्च सोडते आहे. चार मुलींना त्या जवळपास एकट्याच वाढवत होत्या. नवऱ्याचा सगळा वेळ मंडळीचा होता. घरातून आलेला हा राजीनामा स्कझेरोंच्या जिव्हारी लागला. पुढे त्यांनी कामाची रीत बदलली आणि आपण आतून कसे पोखरले गेलो होतो, हे पुस्तकांतून उघडपणे लिहिलं.

इतकं स्पष्ट सांगणारं माणूस प्रत्येक पाळकाच्या नशिबी नसतं.

आतून असं पोखरलं जाण्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. त्याचं पहिलं नीट वर्णन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये केलं, तेही न्यूयॉर्कमधल्याच एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. तळमळीने काम करणारीच माणसं आधी कोलमडतात, हे त्यांना तिथे दिसलं. क्रिस्टिना मास्लाक यांनी पुढे त्याची तीन अंगं मांडली: मनाने पार रिकामं होणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच भलं होत नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची दखल घेतली ती रोग म्हणून नाही, तर कामातल्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून.

पाळकाच्या बाबतीत ही अंगं ओळखायची कशी? रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड. दफनविधीचे शब्द तोंडपाठ येतात, मन मात्र हलत नाही. फोनवर ठरावीक नाव दिसलं की कपाळाला आठी पडते. पवित्र शास्त्र उघडलं जातं ते फक्त रविवारच्या उपदेशापुरतं. घरच्यांना हे आधी कळतं, पाळकाला सर्वांत शेवटी.

या कामाला मुळात कडाच नाही. सकाळी लग्न लावायचं, दुपारी कुणाला माती द्यायची आणि संध्याकाळी कमिटीत छपराच्या गळतीवरचा वाद मिटवायचा. शेकडो लोकांची दुःखं ऐकायची आणि त्यातलं एक अक्षरही कुणापाशी बोलायचं नाही. वरिष्ठ म्हणावा तर अख्खी मंडळीच वरिष्ठ.

अमेरिकेतल्या बार्ना ग्रुपने प्रोटेस्टंट पाळकांना विचारलं, की पूर्णवेळ सेवा सोडण्याचा गंभीर विचार गेल्या वर्षभरात केलात का? जानेवारी 2021 मध्ये 29 टक्के ‘हो’ म्हणाले, मार्च 2022 मध्ये 42 टक्के. असा विचार केलेल्यांपैकी 56 टक्क्यांनी कामाच्या प्रचंड ताणाचं कारण दिलं, 43 टक्क्यांनी एकटेपणाचं. अर्थात, विचार करणं वेगळं आणि जाणं वेगळं. तिथे दर महिन्याला दीड हजार पाळक सेवा सोडतात, असा एक आकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा मानू नये. लाइफवे रिसर्चच्या 2015 च्या अभ्यासात इव्हँजेलिकल पाळकांसाठी ही संख्या महिन्याला अडीचशेच्या आत निघाली. बाकीचे व्यासपीठावरच उभे राहतात, आणि खरी काळजी करायची ती त्यांचीच.

ड्यूक विद्यापीठाने 2007 पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या युनायटेड मेथडिस्ट पाळकांच्या आरोग्याचा पाठपुरावा केला. 35 ते 64 वयोगटातले जवळपास 40 टक्के पाळक स्थूल होते. राज्यातल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी जास्त. मग दोन वर्षांचा आरोग्य कार्यक्रम आखला गेला. शरीराच्या तपासण्या सुधारल्या, पण नैराश्य आणि ताण काही हटले नाहीत. आहार आणि चालणं चांगलंच. पण दिनक्रम तोच राहिला तर पाळक फक्त सडसडीत होऊन थकेल.

श्रद्धा कमी पडली म्हणून माणूस खचला, हा समज तर ताबडतोब सोडावा. लंडनचे विख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या सभेत 1856 मध्ये कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात जण दगावले. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. त्यानंतर उदासीने त्यांना आयुष्यभर गाठलं, आणि आपल्या विद्यार्थ्यांपुढे ते त्यावर मोकळेपणी बोलले. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही देवदूताने उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं.

उपाय बहुतेकदा मंडळीच्या हातात असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासरे इथ्रो यांनी कामं वाटून द्यायला लावली. मेरीलँडमधल्या बेल एअरचे पाळक यूजीन पीटरसन यांच्या संध्याकाळी कमिट्यांत जायच्या, घर मागे पडायचं. अखेर त्यांनी वडीलमंडळींपुढे राजीनामा ठेवला. तुम्हाला नेमकं काय करायचंय, असं वडीलमंडळींनी विचारलं. प्रार्थना, अभ्यास आणि घाई न करता लोकांना भेटणं, असं उत्तर आलं. तेव्हा कारभार आपल्याकडे घ्यायचं वडीलमंडळींनी ठरवलं. पीटरसन तिथे एकूण 29 वर्षं राहिले आणि सोमवारी पत्नीबरोबर रानात भटकायला जायचं त्यांनी सोडलं नाही.

कॅथलिक कायदासंहितेचं 533 वं कलम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टी देतं. वार्षिक रिट्रीटचे दिवस त्यात धरले जात नाहीत. वसई आणि गोव्यालाही हाच नियम. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र सुट्टी मागताना पाळकसाहेबांना भीड पडते आणि कमिटीला त्याची आठवण होत नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत छपराच्या आधी हा विषय घ्या: साहेबांची आठवड्याची सुट्टी कोणती, त्या दिवशी फोन कोण घेणार आणि वर्षातले चार रविवार उपदेश कोण करणार. नावं तिथेच लिहून टाका.