जुनी विद्यार्थी-नोंद संगणकाच्या नव्या आवृत्तीत नेताना

शाळेचे जनरल रजिस्टर हा गावाचा एक मोलाचा दस्तऐवज होय. आजोबांच्या नावापुढील नोंदीवर नातवाचे जात वैधता प्रमाणपत्र पुष्कळदा अवलंबून असते. काही शाळांतून ही नोंद पूर्वी ‘ॲक्सेस ९७’ मध्ये उतरवून ठेवलेली आढळते. तो संगणक मोडीत निघावयाची वेळ आली, म्हणजे ती फाइल नव्या संगणकावर कशी न्यावी, असा प्रश्न उभा राहतो.

‘ॲक्सेस’च्या २०१३ व त्यापुढील आवृत्त्या ९७ ची फाइल उघडीत नाहीत. यास्तव मध्ये एक मुक्काम करावा लागतो. २००३, २००७ किंवा २०१० यांपैकी एखादी आवृत्ती ज्या संगणकावर असेल, तेथे फाइलीची प्रत न्यावी व ती २००२-२००३ च्या स्वरूपात साठवावी. तदनंतर ती नव्या आवृत्तीत उघडून ‘एसीसीडीबी’ या स्वरूपात साठवावी. हे स्वरूप २००७ साली आले. मूळ फाइलीस हात लावू नये. येथवरचे काम फारसे कठीण नाही.

खरी अडचण जन्मतारखांची. पुष्कळदा त्या तारीख म्हणून न नोंदता साधा मजकूर म्हणून टंकित केलेल्या असतात. तो रकाना तारखेचा करू जाता ‘२८’ या आकड्याचे १९२८ न होता २०२८ होते, आणि आजोबा अद्याप जन्मावयाचे आहेत असे ठरते! ही चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरी अधिक फसवी आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यास ०५/०७/१९६१ म्हणजे ५ जुलै न समजता ७ मे समजली जाते. परंतु तेरावा महिना नसल्याने १३/०७/१९६१ बरोबर वाचली जाते. काही तारखा बरोबर, काही चूक, आणि संगणक अवाक्षर काढीत नाही. म्हणून रकाना बदलण्यापूर्वी वर्षाचे चारही आकडे भरून घ्यावेत, मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी करावी, आणि जुना रकाना तसाच ठेवून शेजारी नवा तयार करावा.

नावांचीही हीच गोष्ट. ९७ ची फाइल युनिकोडपूर्व काळातील आहे. त्यातील मराठी मजकूर वस्तुतः इंग्रजी अक्षरांच्या संकेतांत साठविलेला असून विशिष्ट फाँटमुळे देवनागरी दिसतो. आवृत्ती बदलल्याने तो युनिकोड होत नाही. त्यासाठी फाँट-परिवर्तक निराळा वापरावा लागतो. परिवर्तक बहुधा अडखळतो तो ऱ्हस्व वेलांटी व रफार यांपाशी, कारण जुन्या फाँटांत त्यांचा क्रम उलटा असतो. ‘दुर्गा’, ‘कीर्ती’, ‘विठ्ठल’ अशी नावे प्रथम तपासावीत.

अखेरीस दोन्ही फाइलींतील नोंदींची संख्या जुळवावी. नंतर जन्मतारखा चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोके पाहावीत. ज्या तारखांत दिवस व महिना हे दोन्ही आकडे बारा अथवा त्याखालील असतील, त्या सर्व कागदी रजिस्टराशी ताडाव्यात. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यास दुसरा उपाय नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे. तफावत आढळल्यास संगणकातील नोंद दुरुस्त करावी. रजिस्टरावर मात्र खाडाखोड करू नये.