निकाल लागेपर्यंतची वर्षं

"कोर्टानं सोडलं ना त्याला? मग तो खेळत का नाही?" हा प्रश्न मला पक्षकारांनी कमी आणि रिक्षावाल्यांनी, वाण्यानं, शेजाऱ्यांनी जास्त वेळा विचारला आहे. वकिलाशी क्रिकेटवर बोलायचं म्हटलं की गाडी हटकून तिथंच येते. दुसराही प्रश्न तितक्याच वेळा येतो. "आरोप आहे ना त्याच्यावर? मग तो खेळतोच कसा?" दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस बहुधा एकच असतो, फक्त खेळाडू बदललेला असतो.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. फौजदारी न्यायालयाचं घड्याळ वेगळं चालतं आणि खेळाडूच्या शरीराचं वेगळं. एखाद्या कारकुनावर खटला झाला, तो आठ-दहा वर्षं चालला आणि शेवटी तो निर्दोष सुटला, तर तो पुन्हा टेबलाशी येऊन बसू शकतो. थकलेल्या पगारासाठी भांडू शकतो. वेगवान गोलंदाजाची कमाईची वर्षं मुळात मोजून दहा-बारा. त्यातली पाच गेली तर ती कुठल्या न्यायालयात जाऊन परत मागायची?

आता आपल्याकडचंच एक प्रकरण बघू. १६ मे २०१३ च्या पहाटे दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना मुंबईत पकडलं. शांताकुमारन श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण. आरोप 'स्पॉट फिक्सिंग'चा, म्हणजे सामना हरण्याचा नव्हे, तर ठरलेल्या षटकात ठरल्याइतक्या धावा देण्याचा. कमरेला खोचलेला टॉवेल ही बुकींना दिलेली खूण होती, असं पोलिसांचं म्हणणं. तो टॉवेल त्या आठवड्यात साऱ्या देशानं टीव्हीवर शंभर वेळा पाहिला. श्रीशांतनं आरोप नाकारले. क्रिकेट नियामक मंडळानं तिघांना लगोलग निलंबित केलं. चव्हाणचं लग्न ठरलेलं होतं; त्यासाठी त्याला काही दिवसांचा जामीन मिळाला आणि लग्न लागल्यावर तो पुन्हा कोठडीत गेला.

पोलिसांनी पुढे या खटल्याला 'मकोका' लावला. हा कायदा आपल्या महाराष्ट्राचा, १९९९ चा, संघटित गुन्हेगारी टोळ्यांसाठी केलेला. दिल्लीलाही तो पुढे लागू झाला. मकोका लागला की जामीन फार अवघड होतो. श्रीशांत आणि चव्हाण यांना मात्र सुदैवानं जूनमध्येच जामीन मिळाला. १३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळानं आपली चौकशी संपवून श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली. फौजदारी खटल्यात तेव्हा आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

ती कधी झालीच नाही. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयानं ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. इथं एक बारकावा सांगायला हवा. 'आरोपमुक्त' होणं आणि 'निर्दोष' सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला पूर्ण चालून, साक्षीपुरावे होऊन सुटला तो निर्दोष. खटला उभा करण्याइतकंही हाती काही नाही म्हणून आधीच सोडला तो आरोपमुक्त. म्हणजे खरं तर ही जास्त मोठी सुटका. तिघेही कोर्टाबाहेर आले, पेढे वाटले गेले असतील, आणि मंडळानं सांगितलं की बंदी कायम आहे.

सामान्य माणूस इथं चक्रावतो. यात अन्याय दिसतो, पण कायद्याच्या दृष्टीनं त्यात चूक नाही. फौजदारी न्यायालयाचं माप कडक असतं: वाजवी शंकेला जागाच उरली नाही तरच शिक्षा. कारण तिथं माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. क्रीडासंस्थेचं माप हलकं असतं. दोन शक्यतांपैकी जास्त पटण्याजोगी कोणती, एवढंच ती पाहते, आणि तुरुंगात कुणाला पाठवत नाही. एकाच पुराव्यावर पहिल्या मापानं माणूस सुटतो आणि दुसऱ्या मापानं अडकतो. शिवाय आपल्याकडे सामना-निश्चितीला गुन्हा ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. २०१३ च्या त्या गदारोळानंतर एक मसुदा तयार झाला होता. तो मसुदाच राहिला. मग पोलीस फसवणुकीचं कलम लावतात. कर्नाटक उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक प्रीमिअर लीगच्या खटल्यात स्पष्टच म्हटलं की सामना-निश्चिती फसवणुकीच्या कलमात बसत नाही. ती बेशिस्त आहे, तिच्यावर कारवाई मंडळानं करावी.

श्रीशांत मात्र भांडत राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी बंदी उठवली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठानं ती पुन्हा लावली. मग सर्वोच्च न्यायालय. १५ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयानं मंडळाचा शिस्तभंगाचा निष्कर्ष तसाच ठेवला, पण सरसकट आजन्म बंदी जास्त झाली, शिक्षा किती ते पुन्हा ठरवा, असं सांगितलं. ऑगस्टमध्ये मंडळाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली. सप्टेंबर २०२० मध्ये ती संपली. अटकेच्या वेळी श्रीशांत तीस वर्षांचा होता. जानेवारी २०२१ मध्ये केरळकडून पुन्हा मैदानात उतरला तेव्हा अडतीसावं लागायला महिनाही उरला नव्हता. त्या वर्षीच्या आयपीएल लिलावासाठी त्यानं ७५ लाखांच्या पायाभूत किमतीनं नाव दिलं. अंतिम यादीत ते आलंच नाही. मार्च २०२२ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की भारतासाठीची त्याची शेवटची कसोटी २०११ ची, ओव्हलवरची. अटक झाली नसती तर तो पुन्हा भारतीय संघात आलाच असता असं मी म्हणणार नाही. पण ते ठरवायची संधी निवड समितीला मिळाली नाही.

याआधीचा अझरुद्दीनचा दाखला तर याहून बोलका. डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल की ती बंदी बेकायदा होती. तेव्हा त्याचं वय ४९. त्याच्या ९९ कसोटी ९९ च राहिल्या.

आता गुन्हा कबूल करणाऱ्याचं काय झालं तेही पाहा. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर ठरवून नोबॉल टाकणारा पाकिस्तानचा मोहम्मद आमिर तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्यानं लंडनच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, सहा महिन्यांची शिक्षा झाली, आयसीसीची पाच वर्षांची बंदी भोगली आणि जानेवारी २०१६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो पाकिस्तानकडून पुन्हा खेळू लागला. २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली आणि धवन यांना त्यानंच घरी पाठवलं. आमिर परत आला याचं मला वाईट वाटत नाही. त्याला त्याची शिक्षा किती ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, एवढाच फरक.

बरं, अटक आणि निकाल यांच्या मधल्या काळात काय होतं? जामिनाच्या अटींत बहुधा देशाबाहेर न जाण्याची अट असते. पासपोर्ट न्यायालयात जमा असतो. फौजदारी खटला चालू असेल तर नवा पासपोर्ट नाकारता येतो. न्यायालयाची परवानगी आणावी लागते, आणि न्यायालयानं मुदत लिहिली नसेल तर तो एकाच वर्षाचा मिळतो. दरवर्षी तारीख, दरवर्षी अर्ज. परदेश दौरा अर्जाची वाट पाहत थांबत नाही. जाहिरातीच्या करारात 'बदनामी'चं एक कलम असतं, त्याला निकालाची गरजच नसते. आपले पैलवान, कबड्डीपटू, धावपटू यांतले पुष्कळ जण रेल्वेत, पोलिसांत नोकरीला असतात. त्यांचं एका अर्थी बरं असतं. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो खरा, पण निर्वाह भत्ता तरी सुरू राहतो. लीगमधल्या खेळाडूला तोही नाही.

आणि आरोप असूनही खेळणारा? तोही राजस्थान रॉयल्सचाच घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या एका नाइट क्लबबाहेर मारामारी झाली आणि बेन स्टोक्सला अटक झाली. उपकर्णधारपद गेलं, ॲशेस मालिका हुकली. १५ जानेवारी २०१८ रोजी त्याच्यावर सार्वजनिक ठिकाणी दंगा केल्याचा आरोप ठेवला गेला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आयपीएलच्या लिलावात राजस्थान रॉयल्सनं त्याला साडेबारा कोटींना घेतलं, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली! इंग्लंडच्या मंडळानंही आरोपाचा अर्थ बंदी असा लावला नाही. तो न्यूझीलंडमध्ये खेळला. ४ ऑगस्टला एजबॅस्टनवर भारताला हरवण्यात त्याचा मोठा वाटा होता, ६ ऑगस्टला तो ब्रिस्टलच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभा होता, १४ ला निर्दोष सुटला आणि १८ ला ट्रेंट ब्रिजवर पुन्हा मैदानात. शिस्तपालन आयोगानं डिसेंबरमध्ये ३० हजार पौंड दंड आणि आठ सामन्यांची बंदी दिली. ते सामने त्याचे आधीच हुकलेले असल्यानं बंदी भोगून झाली असं धरलं गेलं. पुढल्या वर्षी विश्वचषक.

स्टोक्स इंग्लंडला हवा होता म्हणून हे सगळं सोपं झालं, असं कुणी म्हणेल. थोडं तसं आहेच; उपयोगी खेळाडूला सगळेच जपतात. शिवाय मारामारी आणि फिक्सिंग यांत फरक आहे, दुसऱ्यानं खेळाच्याच मुळावर घाव बसतो. पण माझ्या मते खरं कारण दुसरं आहे. घटनेपासून निकालापर्यंत तिथं अकरा महिनेसुद्धा लागले नाहीत. आपल्याकडे खटला चालवायचाच नाही, हे ठरायला २६ महिने लागले.

अर्थात या सगळ्यात आपण आरोपीच्याच बाजूनं बोलत राहतो, ही आपली जुनी खोड. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीत एका तरुण पैलवानाचा जीव गेला. त्या खुनाच्या आरोपाखाली दोन ऑलिंपिक पदकं मिळवणारा सुशील कुमार पकडला गेला. रेल्वेनं त्याला निलंबित केलं. मार्च २०२५ मध्ये मिळालेला जामीन मृत पैलवानाच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिल्यावर ऑगस्टमध्ये रद्द झाला. आरोप सिद्ध व्हायचा तेव्हा होईल किंवा होणार नाही. पण सुशीलच्या पदकांच्या बातम्यांत त्या मेलेल्या मुलाची कारकीर्द किती ओळींची होती, आठवून पाहा. नामवंत खेळाडूला लवकर मोकळं करा म्हणणाऱ्यांनी साक्षीदारांवर त्याच नावाचं किती दडपण असतं, तेही ध्यानात घ्यावं. म्हणून माझं मागणं सवलतीचं नाही, तारखेचं आहे. निलंबन जरूर करा; पण ते किती महिन्यांनी पुन्हा तपासणार, ते त्याच पत्रात लिहा.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तिथं एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. मँचेस्टर सिटीचा फ्रेंच फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी याच्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये बलात्काराचे आरोप ठेवले गेले. क्लबनं सप्टेंबरपासून पगार थांबवला. २०२३ मध्ये जानेवारीत काही आणि जुलैत उरलेल्या आरोपांतून तो निर्दोष सुटला; दरम्यान ३० जूनला त्याचा करार संपून गेला होता. त्यानं थकलेल्या पगारासाठी, १ कोटी १० लाख पौंडांच्या वर, दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कामगार न्यायाधिकरणानं त्यातली बरीच मोठी रक्कम त्याची आहे असं ठरवलं. जामिनाच्या अटी मोडल्यामुळे तो सुमारे पाच महिने कोठडीत गेला, तो काळ वगळला. बाकीच्या महिन्यांत तो खेळायला तयार होता आणि पगार अडवण्याचा अधिकार करारानं क्लबला दिलेला नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा.

आपल्याकडे आता कबड्डीची, फुटबॉलची, कितीतरी खेळांची लीग आहे आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुलं वीस-वीस पानांचे इंग्रजी करार सही करून मोकळी होतात. आईवडील रकमेचं पान तेवढं पाहतात. त्यांनी आणखी एक पान शोधावं. निलंबनाच्या काळात पगार मिळणार का, चौकशी किती दिवसांत पुरी करणार, आणि निर्णय मान्य नसेल तर कुणाकडे जायचं. ते पान करारात नसेल, तर सहीआधी विचारावं.