चार टक्क्यांचं घराणं

२०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या दुकानांत बडवायझर बिअरचे नवे डबे आले. घडण तीच, नक्षीही जवळपास तीच. पण मधोमध जिथं ‘बडवायझर’ हे नाव असायचं तिथं ‘अमेरिका’ असं छापलं होतं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष होतं आणि नोव्हेंबरपर्यंत हेच डबे चालू ठेवायचे असं ठरलं होतं. त्यांवर होणारा नफा मात्र बेल्जियममधल्या लूव्हेन शहरात मुख्यालय असलेल्या कंपनीच्या खात्यात जात होता, आणि त्या कंपनीत ब्राझीलच्या तीन धनिकांचा शब्द मोठा होता. अमेरिकन गिऱ्हाइकाला हे माहीत नव्हतं असं नाही. आठ वर्षांपूर्वी याच मुद्द्यावरून देशभर आरडाओरडा झाला होता.

परक्यांनी येऊन आमची बिअर पळवली, असा त्या आरड्याओरड्याचा सूर होता. व्यवहाराचा तपशील पाहिला तर चित्र निराळं दिसतं. ती कुणी पळवली नाही, ती विकली गेली आणि विकणारे बहुतेक अमेरिकनच होते. ज्या बुश घराण्याची म्हणून ती कंपनी जग ओळखत होतं, त्या घराण्याकडे २००८ साली चार टक्क्यांहूनही कमी समभाग उरले होते. वाड्याच्या दारावर पाटी घराण्याची आणि सातबारा भलत्यांच्याच नावावर, असा हा प्रकार.

मुळात ही बिअर तरी अस्सल अमेरिकन कुठली? मिसिसिपीकाठच्या सेंट लुईस शहरात जर्मन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. गावाखाली चुनखडीच्या नैसर्गिक गुहा होत्या आणि लागर बिअर मुरायला लागणारा गारवा तिथं फुकट मिळत होता. १८५२ साली तिथं सुरू झालेली एक ब्रुअरी लवकरच डबघाईला आली आणि एबरहार्ड अॅनहायझर या साबणाच्या कारखानदाराच्या गळ्यात पडली; तो तिचा सावकार होता. त्याची मुलगी लिली हिच्याशी १८६१ साली अडॉल्फस बुशचं लग्न झालं. अडॉल्फस हा माइन्झजवळच्या कास्टेल गावचा, बावीस भावंडांतला एकविसावा. १८५७ साली तो सेंट लुईसला आला आणि ब्रुअरींना लागणारा माल पुरवू लागला. सासऱ्याची बिअर काही फार चांगली नव्हती, पण जावई विक्रीत पटाईत निघाला. बाटलीबंद बिअर पाश्चरायझेशन करून टिकवणं, रेल्वेमार्गावर जागोजागी बर्फाची कोठारं उभारणं, पुढं गार ठेवलेले रेल्वेचे डबे वापरणं, या युक्त्यांनी त्याने एका गावची बिअर देशभर नेली. त्याआधी बिअर ही ज्या त्या गावची गोष्ट होती.

१८७६ साली कार्ल कॉनराड या मित्राबरोबर त्याने बडवायझर बाजारात आणली. नाव घेतलं बोहेमियातल्या बुडवाइस या गावावरून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुड्योविट्सेवरून. त्या गावात १८९५ साली सुरू झालेली बुडवार ही ब्रुअरी आजही चेक सरकारच्या मालकीची आहे, आणि नावाच्या हक्कावरून दोघांचा कज्जा शंभर वर्षांहून अधिक काळ देशोदेशीच्या न्यायालयांत चालला. युरोपच्या बऱ्याच भागात अमेरिकन बडवायझरला नुसतं ‘बड’ म्हणून मिरवावं लागतं ते यामुळे. आपल्या राष्ट्राची बिअर खरोखरच विकायची नाही असं कुणी ठरवलं असेल तर ते चेक सरकारने. अमेरिकेने तसं कधीच ठरवलं नव्हतं.

‘परके’पणाचा पहिला फटका तर बुश घराण्यालाच बसला. अडॉल्फस १९१३ साली जर्मनीत वारला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा लिली तिकडेच होती. १९१८ साली ती म्हातारी परतली, तेव्हा फ्लोरिडातल्या की वेस्टला अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिला अडकवून ठेवलं आणि तिची अंगझडती घेतली. पाठोपाठ १९२० साली देशभर दारूबंदी आली. शेकडो ब्रुअरी बुडाल्या. बुश मंडळींनी यीस्ट विकलं, माल्टचं सिरप विकलं, आइस्क्रीम केलं, शीतकपाटं बनवली आणि तेरा वर्षं तग धरला. (आपल्याकडचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पिण्यासाठी परवाना कागदोपत्री अजूनही लागतो, हे बिअरबारमध्ये बसलेल्या किती जणांच्या ध्यानात असतं कोण जाणे!)

एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअर पुन्हा कायदेशीर झाली. त्या निमित्ताने मुलांनी वडिलांना, म्हणजे थोरल्या ऑगस्ट बुशना, क्लाइड्सडेल जातीच्या घोड्यांची गाडी भेट दिली. हे स्कॉटलंडचे अवजड घोडे. तांबूस अंग, पायाशी पांढऱ्या केसांचे झुपके, आणि खूर एवढे मोठे की नाल जेवणाच्या ताटाएवढी वाटावी. वडिलांसाठी आणलेल्या या गाडीत धंद्याची नजर असलेल्या पोरांना भलतंच काही दिसलं. त्यांनी तशीच एक गाडी रेल्वेने न्यूयॉर्कला पाठवली, एम्पायर स्टेट इमारतीसमोर माजी गव्हर्नर अल स्मिथ यांना बिअर पोचवली आणि पुढं व्हाइट हाउसच्या दारी रूझवेल्टसाठी गाडी उभी केली. इथून पुढे बडवायझर ही बिअर कमी आणि देशाची खूण जास्त होत गेली. पुढच्या पिढीतल्या गसी बुशने १९५३ साली शहराचा बेसबॉल संघ विकत घेतला, १९५७ साली कंपनी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यानंतर तिथून कुणी तिला हलवलं नाही. जर्मन नाव, बोहेमियाचं गाव, स्कॉटिश घोडे आणि वर अमेरिकेचा झेंडा. जाहिरात खात्याचं कसब म्हणतात ते हे.

१९७५ साली गसीला त्याच्याच मुलाने, तिसऱ्या ऑगस्टने, संचालकांना हाताशी धरून खुर्चीवरून उतरवलं. तिसरा ऑगस्ट कडक शिस्तीचा, स्वतः विमान चालवणारा, बिअरच्या चवीबाबत कमालीचा काटेकोर. बीच लाकडाच्या पातळ पट्ट्या टाकीच्या तळाशी अंथरून त्यावर बिअर मुरवायची जुनी पद्धत त्याने सोडली नाही. लाकडाची चव बिअरला लागावी म्हणून हे करत नाहीत. पट्ट्या आधी उकळून निर्गंध करतात. त्यांच्यामुळे यीस्टला बसायला जास्त जागा मिळते आणि मुरण्याचं काम नीट पुरं होतं, एवढाच हेतू. खर्चिक काम, पण खर्च ही त्या कंपनीला कधी अडचण वाटलीच नाही. देशातला जवळजवळ निम्मा बिअरबाजार हातात होता. वरिष्ठांना फिरायला कंपनीच्या विमानांचा ताफा, कर्मचाऱ्यांना दर महिन्याला घरी न्यायला फुकट बिअर, शिवाय मनोरंजन उद्यानं आणि त्यांत देवमासेसुद्धा. थाट संस्थानिकांचा होता. पण संस्थानिकाची जमीन त्याची स्वतःची असते. इथं समभाग कधीच खुल्या बाजारात गेले होते, पिढी-दरपिढी वाटण्या होत होत घराण्याचा वाटा आटला होता, आणि २००८ पूर्वीची काही वर्षं समभागाचा भाव पन्नास डॉलरच्या आसपास रेंगाळत होता. त्याच काळात मिलर २००२ साली दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीकडे गेली, कूर्स २००५ मध्ये कॅनडाच्या मोल्सनशी जोडली गेली. सेंट लुईसमध्ये ही दूरची बातमी मानली गेली.

समोरचा पक्ष अगदी उलट घडणीचा. ब्राझीलचा जॉर्ज पाउलो लेमन, एके काळचा टेनिसपटू, आणि त्याचे दोन भागीदार, मार्सेल टेलेस आणि कार्लोस सिकुपिरा. यांनी १९८९ साली ब्राह्मा ही ब्रुअरी घेतली, मग तिची प्रतिस्पर्धी अंटार्क्टिका तिच्यात जोडली, आणि २००४ साली बेल्जियमच्या इंटरब्रूशी हातमिळवणी करून इनबेव्ह उभी केली. तिचा मुख्याधिकारी कार्लोस ब्रिटो याला स्वतःची केबिन नव्हती; सहकाऱ्यांसोबत एका लांब टेबलाशी बसायचा. दर वर्षी प्रत्येक खात्याने खर्चाचा हिशेब शून्यापासून मांडायचा आणि प्रत्येक रुपया का लागतो ते पटवून द्यायचं, हा त्यांचा नेम. ‘गेल्या वर्षी एवढा होता’ हे उत्तर चालत नसे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेरीला जे चालतं त्याच्या नेमकं विरुद्ध टोक.

२००८ च्या वसंतात चौथा ऑगस्ट बुश मुख्याधिकारी होता. वितरकांच्या बैठकीत, मी असेपर्यंत कंपनी विकली जाणार नाही, अशी ग्वाही त्याने दिली. ११ जूनला इनबेव्हचा प्रस्ताव आला: समभागामागे ६५ डॉलर, एकूण सुमारे ४६ अब्ज, सगळे रोख. डॉलर तेव्हा घसरलेला होता. जुलैच्या मध्यात एका युरोला १.६० डॉलर, असा विक्रमी दर झाला. युरोत कमावणाऱ्याला अमेरिका त्या उन्हाळ्यात स्वस्तात पडत होती. वर बँकांच्या एका मोठ्या गटाने ४५ अब्ज डॉलर कर्ज द्यायची तयारी केली.

राजकारणी धावून आले. मिसुरीचे गव्हर्नर मॅट ब्लंट विरोधात, सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल विरोधात. ही कंपनी परदेशी मालकीची झाली तर वाईट वाटेल, असं उमेदवार ओबामाही म्हणाले. दुसरे उमेदवार मॅकेन यांची गोष्ट नाजूक होती. त्यांच्या पत्नीचा ॲरिझोनातला व्यवसाय याच कंपनीच्या बिअरच्या वितरणाचा. पण करणार काय? दोनच वर्षांपूर्वी दुबईच्या कंपनीकडे जाणारी बंदरं अमेरिकन काँग्रेसने सुरक्षेचं कारण पुढं करून रोखली होती. बिअरच्या बाबतीत तसलं काही दाखवता येईना.

संचालक मंडळाने जूनअखेरीस प्रस्ताव फेटाळला. मेक्सिकोच्या मॉडेलो कंपनीत अॅनहायझर-बुशचा निम्मा हिस्सा होता. उरलेला घेऊन आपण इतके महाग होऊ की इनबेव्हला परवडणार नाही, असा बेत शिजत होता. इनबेव्हने दुसरीकडून मारा सुरू केला. सगळेच्या सगळे संचालक भागधारकांच्या मताने बदलता येतील, हे ठरवून घ्यायला डेलावेअरच्या न्यायालयात अर्ज केला आणि नव्या मंडळासाठी नावं जाहीर केली. त्या यादीत एक नाव होतं अडॉल्फस बुश चौथा. मुख्याधिकाऱ्याचा सख्खा नव्हे, सावत्र काका. विक्री व्हावी, असं त्याने मंडळाला आधीच कळवलं होतं. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

इनबेव्हने भाव ७० वर नेला आणि वाद तिथेच मिटला. १३ जुलैला मंडळाने ५२ अब्ज डॉलरना होकार दिला. मधल्या काळात लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर कर्जाचे झरे आटले, सौदा मोडतो की काय अशी चर्चा झाली. तरी १८ नोव्हेंबरला तो पुरा झाला. भागधारकांना रोख ७० डॉलर मिळाले, तेही बाजार कोसळत असताना. त्यांनी कुणी देशाच्या नावाने गळा काढल्याचं दिसत नाही.

मग ब्रिटोची माणसं सेंट लुईसला आली. डिसेंबरात १४०० पगारी जागा कापल्या, त्यांतल्या बहुतेक त्याच शहरातल्या. फुकट बिअर बंद, विमानं विकली, वरिष्ठांच्या केबिनच्या भिंती पाडल्या. कंपनीच्या मोबाइल फोनांची संख्यासुद्धा घटवली. पुरवठादारांचे पैसे चार-चार महिन्यांनी देण्याची रीत आली; माझ्या मते सगळ्यांत निर्दय बदल हाच. कारण त्याची झळ कंपनीबाहेरच्या लहान माणसाला लागली आणि तिची बातमीही झाली नाही. मनोरंजन उद्यानं २००९ साली ब्लॅकस्टोनला विकली, चीनच्या त्सिंगताओतला मोठा हिस्सा जपानच्या असाहीला. अमेरिकेतली एकही ब्रुअरी बंद न करण्याचा शब्द मात्र सौद्याच्या वेळी दिला होता, आणि घोडेही राहिले. घोडे विकण्याइतकी ही मंडळी खुळी नव्हती.

याच कारखान्यात पुढं जर्मनीची बेक्स बनू लागली. अमेरिकेत विकायची बेक्स २०१२ पासून सेंट लुईसमध्ये तयार होते, हे कळल्यावर गिऱ्हाइकं कोर्टात गेली: आम्ही परदेशी म्हणून जादा पैसे मोजले, माल निघाला इथलाच. कंपनीला तडजोड करून परतावे द्यावे लागले.

भारतात हीच साखळी वेगळ्या वाटेने आली. बडवायझर २००७ साली हैदराबादच्या क्राउन बिअर्सबरोबरच्या भागीदारीतून आली होती. २०१६ मध्ये लूव्हेनच्या कंपनीने साबमिलर, म्हणजे मिलर घेणारी तीच कंपनी, गिळली, तेव्हा हेवर्ड्स, नॉकआउट हे ब्रँड आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधलं उत्पादनही तिच्याकडे आलं. त्याच साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. वाळूजच्या माणसाला कंपनीची मालकी लूव्हेनची की सेंट लुईसची, याने काय फरक पडणार होता? त्याचा प्रश्न जायकवाडीच्या पाण्याचा होता. किंगफिशरवालीही तशीच गेली. युनायटेड ब्रुअरीज १९१५ साली थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने उभी केली, स्वातंत्र्याच्या सुमारास मल्ल्यांकडे आली, आणि जून २०२१ मध्ये विजय मल्ल्यांच्या कर्जापोटी जप्त झालेले समभाग ५,८२५ कोटी रुपयांना घेऊन हायनेकेनचा हिस्सा ६१ टक्क्यांवर गेला. इथं कुणी मोर्चा काढला नाही. उलट बँकांचे काही पैसे वसूल झाले, याचंच समाधान.

बडवायझरच्या मालकांनी मॉडेलोचा उरलेला हिस्सा २०१३ साली घेतला. एवढी मक्तेदारी नको म्हणून अमेरिकन न्याय खात्याने अडवलं, आणि मॉडेलोच्या बिअर अमेरिकेत विकण्याचे हक्क कॉन्स्टेलेशन या अमेरिकन कंपनीला देऊन टाकायला लावले. दहा वर्षांनी, २०२३ साली, बड लाइटच्या एका जाहिरातीवरून बहिष्कार झाला आणि तिचं विक्रीतलं पहिलं स्थान गेलं. ते घेतलं मॉडेलो एस्पेशियालने. ही मेक्सिकोत बनते, तिच्या अमेरिकेतल्या विक्रीचा पैसा अमेरिकन कंपनीला मिळतो.

बुश घराण्याने एकदा पुन्हा प्रयत्न केला. गसीचा मुलगा बिली बुश याने २०११ साली स्वतःची छोटी कंपनी काढून ‘क्रेफ्टिग’ नावाची जर्मन धाटणीची बिअर सेंट लुईसच्या बाजारात आणली. नाव घरचं होतं आणि या वेळी मालकीही. सेंट लुईसकरांनी तिला हात दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण बारमध्ये ते आधीचीच बिअर मागत राहिले, आणि २०१९ साली क्रेफ्टिग बंद झाली.