अंगण खरेच वाकडे असेल तर?

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या घरांतील मुलांच्या कानी जितक्या वेळा पडते तितक्या वेळा दुसरी क्वचितच पडत असेल. अक्षर बिघडले की पेन वाईट, गणित चुकले की पुस्तक वाईट, अशी सबब मूल सांगू लागले म्हणजे वडील माणसे ही म्हण पुढे करतात, आणि बहुतेक वेळा ती योग्यही असते. परंतु असा एक खेळ आहे की ज्यात नाचणाराचे अंगण त्याच्या पायालाच बांधलेले असते, आणि ते खरोखरच वाकडे असण्याचा संभव असतो. तो खेळ म्हणजे बर्फावर स्केट घालून केलेले नृत्य, ज्यास इंग्रजीत फिगर स्केटिंग म्हणतात.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटेल, पण तो तितकासा दूर राहिलेला नाही. एकत्र कुटुंबाची एखादी फांदी टोरोंटोस किंवा न्यूजर्सीस रुजलेली असते आणि तेथील नातवंडे शाळा सुटल्यावर बर्फाच्या रिंकवर जातात. आपल्या देशातही शिमल्यास १९२० सालापासून नैसर्गिक बर्फाचे रिंक आहे. पुण्यामुंबईची मुले चाकांच्या स्केटवर तरबेज होतात. त्यांपैकी कोणास पुढे बर्फावर जाण्याचा योग आला म्हणजे चाकांच्या जागी पाते आल्याने काय फरक पडतो हे ठाऊक असणे बरे. अशा मुलास नवे स्केट आणून द्यावेत, आणि दोन आठवड्यांत त्याने “पाय दुखतो, पाऊल आत वळते, मला जायचे नाही” असे म्हणावे, हा प्रसंग नवा नाही. त्या वेळी घरच्यांनी काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने तपासावे, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम या वस्तूची रचना ध्यानात घेऊ. पूर्वी लोखंडी पाती पट्ट्यांनी नेहमीच्या बुटांस बांधीत असत. एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन नर्तकाने पाते बुटालाच कायमचे जडवून घेतले, असे मानले जाते. तो युरोपात गेला आणि व्हिएन्ना येथे त्याच्या नृत्यमय शैलीस मोठा मान मिळाला. पाते पक्के झाल्यामुळे उड्या आणि गिरक्या शक्य झाल्या खऱ्या, परंतु बुटाचा दोष पात्यास आणि पात्याचा दोष पायास भोवू लागला, तोही तेव्हापासूनच. पात्याची जाडी सुमारे चार मिलिमीटर असते. त्याचा तळ सपाट नसून मधोमध पन्हळीसारखा खोलगट घासलेला असतो, म्हणून त्यास आतली व बाहेरची अशा दोन धारा असतात. लांबीच्या दिशेने ते किंचित कमानदार असते आणि पुढच्या टोकास दाते असतात. एवढ्याशा पट्टीवर मुलाचा सारा भार तोलला जातो; तेव्हा चपलेत ज्या चुकीची जाणीवही होणार नाही, ती येथे मुलास भुईवर आपटू शकते.

आता पहिली गोष्ट बुटाची. आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे आणि ती काटकसरीची म्हणून आम्ही तिची प्रशंसाच करतो. परंतु तीच चाल स्केटला लावणे म्हणजे पैसे वाचवून खेळ बुडविणे होय. सैल बुटात टाच वर उचलली जाते, पाऊल आतल्या आत सरकते आणि घोट्यास आधार मिळत नाही. मग मूल नाडी करकचून आवळते; त्याने पाय बधिर होतो, पण टाच मात्र सैलच राहते. टाचेच्या मागे सतत घासून तेथे हाडावर गाठ धरते, ती निराळीच. वाढीसाठी फार तर अर्ध्या क्रमांकाची मोकळीक ठेवावी, त्यापलीकडे नाही. खर्च कमी करणे असेल तर दुसऱ्या मुलाने थोडे वापरलेले, पण मापात बसणारे स्केट घेणे हे मोठ्या मापाचे नवे घेण्यापेक्षा शतपटीने बरे. मात्र अशा बुटाची घोट्याजवळची बाजू मोडून मऊ पडलेली नाही, हे हाताने दाबून पाहावे.

माप घेताना नेहमीच्या बुटाच्या क्रमांकावर विसंबू नये. स्केटचा क्रमांक बहुधा त्याहून लहान असतो आणि निर्मात्यागणिक बदलतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मुलास कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे आणि पावलाची रेघ ओढावी. लांबी आणि चवड्याची रुंदी, दोन्ही मोजाव्यात; दोन पावले सारखी नसतात, म्हणून मोठे पाऊल प्रमाण धरावे. बूट घालताना मोजा पातळ असावा. जाड मोजा हा सैल बुटावरचा इलाज नव्हे.

बूट बसला की नाही याची खूण अशी. नाड्या सोडून पाऊल पुढे सरकवले असता टाचेमागे बोटभराहून अधिक जागा राहू नये. टाच मागे ठोकून नाड्या बांधल्यावर सरळ उभे राहिले असता बोटे पुढच्या टोकास निसटती लागावीत, आणि गुडघे वाकविताच ती मागे यावीत. बोटे दुमडत असतील तर बूट लहान. गुडघे वाकवून चवड्यावर भार दिला असता टाच उचलली जात असेल तर मोठा. नाडीच्या छिद्रांच्या दोन ओळी एकमेकींस येऊन भिडत असतील तर बूट पायास रुंद आहे. मोठ्या माणसाच्या बुटात त्यांत सुमारे दीड-दोन इंच अंतर असावे.

नाडी बांधणे हीही एक विद्याच आहे. बोटांपाशी ती नुसती बसती असावी, पाऊल जेथे घोट्याकडे वळते तेथे सर्वांत घट्ट, आणि वरच्या आकड्यांपाशी पुन्हा थोडी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकू शकतो. बुटाची जीभ मधोमध आहे ना, हे दर वेळी पाहावे. ती बाजूस सरकली की नाडी घोट्याच्या पुढच्या शिरांवर रुतते. पाच-दहा मिनिटे फिरल्यावर नाडी एकदा सोडून पुन्हा बांधावी. अनेक तक्रारी येथेच मिटतात.

नव्या बुटाचा काही जाच सोसावाच लागतो, हे खरे. परंतु कोणता सोसावा आणि कोणता सोसू नये, हे कळले पाहिजे. सगळ्या पावलास सारखी लागणारी घट्ट मिठी थोड्या दिवसांत सैलावते. एकाच ठिकाणी बोचणारे दुखणे, जसे घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीच्या बाजूस, ते मात्र आपोआप जात नाही. त्या जागी खूण करून कारागिराकडून बूट आतून फुगवून घ्यावा लागतो. पुष्कळ नव्या बुटांना ठरावीक उष्णता देऊन, ते मऊ असताना पायात घालून थंड होऊ देतात, म्हणजे ते पायाच्या आकाराचे होतात. हे काम दुकानातच करून घ्यावे. स्वयंपाकघरातील भट्टीत तो प्रयोग केल्यास बुटाचे डिंक व शिवण सुटण्याचे भय असते. मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, किंवा बूट काढल्यावरही तासभर दुखत राहणे, या खुणा दिसताच तो बूट घालणे थांबवावे. आणखी एक सूचना अशी की बुटाचा ताठपणा मुलाच्या वजनास व शिक्षणास साजेसा असावा. मोठ्या उड्या मारणारासाठी केलेला ताठर बूट लहानग्यास घातला, तर त्याचा घोटा वाकतच नाही आणि गुडघे ताठ ठेवून चालण्याची खोड लागते.

बूट आणि नाडी निर्दोष ठरल्यावरही मूल एका पायावर घसरताना सारखे एकाच बाजूस कलंडत असेल, तर आता पात्याकडे वळावे. येथेही प्रथम पाहावी ती धार. नवे पाते पुष्कळदा कामापुरती धार न लावता येते, आणि लावलेली धारही दोन्ही बाजूंस समान असेलच असे नाही. स्केट उलटा धरून दोन्ही धारांवर सरळ कडेची लहानशी पट्टी आडवी ठेवावी आणि मागून पाहावे. पट्टी पात्याशी काटकोनात असावी. एका अंगास झुकलेली दिसली तर एक धार उंच आहे. मग पाते हलविण्याचे कारणच नाही, जाणत्या माणसाकडून धार नीट लावून घेतली की पुरे. पात्याच्या लांबीवरून नजर टाकून ते पिळलेले नाही, हेही पाहून घ्यावे.

धारही सारखी असेल तर मग पात्याची जागा. मागून पाहता पाते टाचेच्या मध्यावर उभे असावे, आणि पुढे ते सामान्यतः अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत यावे. परंतु प्रत्येक पाऊल निराळे असल्याने खरी परीक्षा बर्फावरच होते. मुलाने सरळ रेषेत एका पायावर घसरावे, मग दुसऱ्या पायावर, आणि शिक्षकाने मागून पाहावे. दोन्ही पाय सारखेच आत कलत असतील, तर दोष बहुधा पावलाच्या घडणीचा किंवा बुटाचा. एकच कलत असेल, तर त्या स्केटच्या पात्याचा संशय घ्यावा. येथे नियम सोपा आहे: पाय ज्या बाजूस कलतो त्याच बाजूस पाते किंचित सरकवावे. हे प्रथम उलटे वाटते, पण गवंड्याचा ओळंबा आठवावा. शरीराच्या भाराची रेषा पात्याच्या आतल्या अंगास पडत असेल, तर पाय आत कोसळणारच. पाते आत आणले म्हणजे भिंत पुन्हा ओळंब्याखाली येते. हे सरकविणे एक-दोन मिलिमीटरांचे असते, त्याहून अधिक सहसा लागत नाही.

याचसाठी अनुभवी कारागीर नवे पाते पहिल्याच दिवशी पक्के करीत नाहीत. पात्याच्या बैठकीस काही लांबट छिद्रे असतात. त्यांतच थोडे स्क्रू घालून मुलास काही दिवस खेळू देतात, पाहून पाते हलवितात, आणि समाधान झाल्यावरच गोल छिद्रांत उरलेले स्क्रू बसवितात. घाईने सगळे स्क्रू मारले आणि मग जागा बदलावी लागली, तर तळास जुनी भोके राहतात, ती बुजवावी लागतात आणि पकड कमी होते. नवशिक्यांच्या स्वस्त जोडांत पाते कारखान्यातच जडवलेले असते. ते वाकडे दिसल्यास दुकानातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वीच जोड बदलून मागावा.

पावलाच्या घडणीविषयी संशय असेल तर घरच्या घरी एक परीक्षा आहे. मुलाचे पाऊल ओले करून कोरड्या फरशीवर उमटवावे. पावलाची आतली कमान न दिसता सबंध तळवा उमटला, तर पाऊल सपाट असण्याचा संभव आहे. फार लहान मुलांत हे स्वाभाविकच असते. पण मोठ्या मुलाचा पाय दुखत असेल तर डॉक्टरांस दाखवावे, आणि त्यांच्या सल्ल्याने बुटात आधाराची गादी घालावी. पाते सरकवून पावलाचा दोष झाकू पाहणे शहाणपणाचे नाही.

शेवटी निगेचे दोन शब्द. प्रत्येक वेळी पाते फडक्याने कोरडे पुसावे. चालताना कठीण आवरण घालावे, पण ठेवताना ते काढून कापडी आवरण घालावे, नाहीतर आत ओल राहून गंज चढतो. नव्या स्केटचे स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत सैल होतात, म्हणून ते वरचेवर तपासावेत. चांगला बसलेला जोडही एका सैल स्क्रूने वाकडा वागू लागतो.

या साऱ्याचे सार एवढेच की मुलाची तक्रार ऐकताना क्रम सोडू नये: आधी माप, मग नाडी, मग बुटाची बोचणारी जागा, मग धार, आणि सर्वांत शेवटी पाते. प्रत्येक पायरीस उत्तर “हो” किंवा “नाही” असे स्पष्ट मिळते, आणि एकही पायरी पालकांच्या आवाक्याबाहेरची नाही. ही तपासणी करूनही काही दोष सापडला नाही, तर खुशाल म्हण वापरावी आणि मुलास पुन्हा सरावास धाडावे. परंतु दोष सापडला, तर एक मोठे काम झाले असे समजावे. मूल आपल्या शरीराविषयी खरे बोलत होते आणि घरातील मोठ्यांनी ते ऐकले, हा अनुभव त्याच्याजवळ राहील. पाऊल वाढेल, हे स्केट लहान होतील आणि दुसऱ्याच्या पायात जातील. पण पुढे कधी याहून मोठे काही दुखू लागले, तर ते मूल मुकाट्याने सोसत न बसता आपल्याकडे येऊन सांगेल. एवढ्यासाठी तरी पट्टी घेऊन धार तपासण्याचे पाच मिनिटांचे श्रम आम्हांस फार वाटत नाहीत.